लिंक मोफत आहे, पण तळे खुले झाले आहे का?

सार्वजनिक ग्रंथालयांनी ऑनलाइन शिक्षणाचे मोफत उपक्रम सुरू करावेत, अशी मागणी गेल्या काही वर्षांत सगळीकडून होते आहे. करोनाच्या टाळेबंदीनंतर अनेक ग्रंथालयांनी व्याख्याने, वाचनकट्टे, इंग्रजी संभाषणाचे वर्ग, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन असे बरेच काही मोबाइलच्या पडद्यावर आणले. आमचा या उपक्रमांना विरोध नाही. उलट ते वाढले पाहिजेत. पण ‘मोफत आहे, म्हणजे सर्वांसाठी आहे’ असे जे गृहीत धरले जाते, त्याला आमचा ठाम विरोध आहे. मोफत आणि खुले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्या समाजाने रक्त सांडून शिकला, त्या समाजाने तो पुन्हा विसरणे परवडणारे नाही.

इतिहास आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरता यावेत, असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला तर आधीपासूनच पैसे पडत नव्हते. म्हणजे पाणी मोफतही होते आणि खुलेही होते! तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. लागल्यावर काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. दगडकाठ्यांचा मार पडला, तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि कोर्टाची लढाई १९३७ पर्यंत चालली. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये एवढे अंतर होते. आजच्या मोफत लिंककडे आम्ही याच नजरेने पाहतो. लिंक म्हणजे ठराव. ओंजळ कुठे आहे, असा आमचा प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० पासून बडोदा संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले. त्यासाठी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावले. गावोगाव ग्रंथालये निघाली, पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. भारतात त्या काळी असे दुसरे उदाहरण नव्हते. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून, कोलंबिया विद्यापीठ गाजवून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. मोफत ग्रंथालयांच्या त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. राजाची इच्छा चांगली होती, योजना चांगली होती, ग्रंथही होते. पण ग्रंथापर्यंत जाणारी वाट ज्या समाजातून जाते त्या समाजाची मांडणी तशीच राहिली, तर योजनेचे फळ कुणाच्या पदरात पडते, याचे उत्तर बडोद्याने देऊन ठेवले आहे.

आता आमच्या कोल्हापूरकडे येऊ. ही नगरी ग्रंथालयांच्या बाबतीत मागासलेली नाही. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, म्हणजे मद्रासच्या १९४८ च्या कायद्याच्याही आधी आणि महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याच्या तर बावीस वर्षे आधी. शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. पेठापेठांतून, तालुक्यातालुक्यांतून अनुदानित वाचनालये आहेत. आणि याच शहरातल्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा आणि महात्मा फुले यांचा पुतळा बसवला गेला. एवढा वारसा असलेल्या शहरात सिद्धार्थनगरची, राजेंद्रनगरची, विचारे माळाची मुले ग्रंथालयाच्या ऑनलाइन वर्गात कुठे असतात, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे.

वस्तीत काम करताना आम्ही जे पाहतो ते साधे आहे. एका ग्रंथालयाने इंग्रजीचा मोफत ऑनलाइन वर्ग जाहीर केला. दहावी झालेली एक मुलगी नावनोंदणी करायला बसली. अर्जात ई-मेल मागितला होता, तो नव्हता. मोबाइल नंबर मागितला होता, तो वडिलांचा दिला. ओटीपी आला तो शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत पाळीवर असलेल्या वडिलांच्या खिशातल्या फोनवर. संध्याकाळी ते घरी येईपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती. दुसऱ्या दिवशी जागा भरल्या होत्या. या मुलीला कुणी नाही म्हटले नाही. तिच्याकडून कुणी फी मागितली नाही, जात तर मुळीच विचारली नाही. तरी ती बाहेर राहिली. उद्या त्या वर्गाचा अहवाल निघेल तेव्हा त्यात लिहिलेले असेल की, वर्ग सर्वांसाठी मोफत होता.

ज्यांची नोंदणी होते त्यांचीही कथा ऐका. वर्गाची वेळ संध्याकाळी सातची. त्या वेळी घरात एक फोन आणि त्याचे तीन मालक असतात. आई धुण्याभांड्याची कामे उरकून आलेली असते, चूल पेटलेली असते, धाकटे भावंड रडत असते, दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असतो. त्यात शिक्षक सांगतात, ‘कॅमेरा सुरू करा.’ पोर कॅमेरा सुरू करत नाही, कारण मागे पत्रा दिसतो. पडद्यावर पूर्ण नाव लिहा म्हणतात. आडनाव लिहिले की काय होते, हे आम्ही कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. पोरगे नुसते पहिले नाव लिहून गप्प बसते, प्रश्न विचारत नाही, आणि चौथ्या दिवशी येईनासे होते. मग आपलेच शिकलेले लोक म्हणतात, ‘सगळं मोफत देऊनही आपल्या पोरांना शिकायचंच नाही.’ हा आरोप आम्हाला मान्य नाही.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशातल्या सुमारे ११ टक्के घरांतच संगणक होता आणि सुमारे २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात ४२ टक्के, खेड्यात १५ टक्के. त्यानंतर डेटा स्वस्त झाला, फोन वाढले हे खरे. पण घरात फोन असणे आणि मुलीच्या हातात दोन तास शांतपणे फोन असणे यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. शिवाय रील पाहायला पुरणारा फोन निबंध लिहायला, तक्ता भरायला, पीडीएफ वाचायला पुरत नाही. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना मांडली. घरातली पुस्तके, बोलीचा बाज, कुणाला काय विचारायचे याची माहिती, ‘मला हे जमेल’ हा आत्मविश्वास, हे सगळे न दिसणारे भांडवल असते. ज्याच्या घरी ते आहे, त्याला मोफत लिंक पुरते. ज्याच्या घरी ते नाही, त्याला लिंकसोबत जागा, वेळ आणि माणूस द्यावा लागतो. दोघांना फक्त लिंक दिली, तर पहिला आणखी पुढे जातो. समान वाटप करून विषमता वाढवण्याचा हा प्रकार आहे.

राजर्षी शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पण शाळा मोफत केली आणि हात झटकले, असे त्यांनी केले नाही. त्याआधी १९०१ पासून वसतिगृहे सुरू झाली होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव झाल्या होत्या, म्हणजे शिकून पुढे काय, या प्रश्नालाही उत्तर होते. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. शाळा, राहायला जागा, जेवण, शिष्यवृत्ती आणि शेवटी नोकरी अशी ती सलग साखळी होती. शाहू महाराजांचे नाव घेऊन कार्यक्रम करणाऱ्या कोल्हापूरने ऑनलाइन शिक्षणाची योजनाही अशीच साखळीने करायला हवी.

महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली रात्रीची शाळा काढली, कारण दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा मोफत असून उपयोग नव्हता. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शिकणाऱ्याच्या दिवसाकडे बघून शिक्षणाची वेळ ठरवायची, ही आपल्या चळवळीची पद्धत आहे. आणि ग्रंथालय हा तर बाबासाहेबांच्या पहिल्या संघटनेचा घोषित कार्यक्रम होता. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने ग्रंथालये, समाजकेंद्रे आणि अभ्यासवर्ग काढणे हे स्पष्टपणे नोंदवलेले होते. ग्रंथ, जागा आणि अभ्यासवर्ग अशा तिन्ही गोष्टी सभेने एकत्र ठेवल्या, हे लक्षात घ्या.

इथे आमचे काही साथी दोन आक्षेप घेतात. त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की, सगळे यूट्यूबवर आहे, मग ग्रंथालय हवे कशाला? खरोखरच बरेच काही उपलब्ध आहे. ‘स्वयम’ या सरकारी व्यासपीठावर विद्यापीठीय अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तेव्हाच शुल्क पडते. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून मिळवता येतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाइन आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. पुण्याची बार्टी संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देते. पण या यादीतल्या किती गोष्टी वस्तीतल्या बारावीच्या मुलाला माहीत आहेत? ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, ही त्यांतली दोन. यूट्यूब यातले काहीच करत नाही. ज्यातून जाहिरात जास्त विकली जाते, ते यूट्यूब पुढे ढकलते. अभ्यास करायला बसलेला पोरगा अर्ध्या तासात द्वेषाच्या व्हिडिओपर्यंत कसा पोचतो, हे आपण रोज बघतो. त्याचे पुस्तक कोणते हे ओळखून त्याच्या हातात देणारा माणूस ग्रंथालयात असू शकतो. म्हणून ग्रंथालय हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऑनलाइन शिक्षण म्हणजे शिक्षकांच्या जागा न भरण्याची, शाळा बंद करण्याची पळवाट आहे, म्हणून त्याला पाठिंबाच देऊ नये, असे काही साथी म्हणतात. ही भीती निराधार नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढण्याचा घाट २०२३ साली राज्यात घातला गेलाच होता. शाळा, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांना ऑनलाइन हा पर्याय होऊच शकत नाही, आणि तसा प्रयत्न झाला तर रस्त्यावर उतरावे लागेल. पण म्हणून ग्रंथालयाचा संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग आपण नाकारला, तर शाळा वाचणार नाही. फक्त तो वर्ग आपल्या मुलांविना चालेल. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नव्हतो, हे बाबासाहेबांनीच सांगितले होते. प्रश्न हक्काचा होता. इथेही तोच आहे.

हक्काचा का, तेही स्पष्ट करू. महाराष्ट्रात सुमारे अकरा-बारा हजार अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. अ, ब, क, ड अशी त्यांची वर्गवारी आहे. ती नोंदणीकृत संस्थांकडून चालवली जातात, पण शासनाच्या अनुदानावर उभी आहेत. म्हणजे फाउंड्रीत राबणाऱ्या बापाने काडेपेटीपासून चपलेपर्यंत भरलेल्या कराचा पैसा त्यात आहे. तरीही बहुतेक ठिकाणी पुस्तक घरी न्यायला वर्गणी आणि अनामत लागते. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, निपाणीच्या पलीकडे कर्नाटकात काय झाले ते पाहा. तिथल्या १९६५ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. आपल्या १९६७ च्या कायद्यात तशी तरतूदच नाही. २०२० साली कर्नाटकाने राज्याचे डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय मोफत सुरू केले. त्याच वर्षी ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा प्रकाश, या मोहिमेत ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासदत्व द्यायला सुरुवात केली. डिजिटल ग्रंथालय आणि गावातली ग्रंथालयाची खोली, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी सोबत चालवल्या. तिथेही अडचणी असतीलच. पण दिशा कोणती असावी, हे शोधायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही. दूधगंगा ओलांडली तरी पुरे.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. एक, अठरा वर्षांखालील सर्वांना आणि शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना अनामतीशिवाय मोफत सभासदत्व. दोन, ऑनलाइन वर्गाची नोंदणी ग्रंथालयाच्या टेबलावर, रजिस्टरमध्ये नाव लिहूनही व्हावी. ओटीपी आणि ई-मेलची सक्ती नको, पडद्यावर आडनावाची सक्ती नको. तीन, मोठ्या ग्रंथालयांत संध्याकाळी आणि रविवारी संगणक, हेडफोन आणि बसायला जागा. मुलींसाठी सुरक्षित वेळ आणि स्वच्छतागृह. चार, प्रत्येक वर्गाचे ध्वनिमुद्रण, कमी डेटात उतरवता येईल किंवा पेनड्राइव्हवर देता येईल असे. पाच, वस्तीतल्याच पदवीधर तरुणांतून अभ्यासमित्र नेमावेत आणि त्यांना मानधन द्यावे. आमचे श्रम नेहमी सेवा म्हणून फुकट घेतले जातात, ते इथे नको. सहा, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे हाही ग्रंथालयाचा शैक्षणिक उपक्रम मानावा. सात, वर्षाच्या शेवटी किती जणांनी नोंदणी केली, किती जणांनी वर्ग पूर्ण केला आणि ते कोणत्या भागातून आले, हे जाहीर करावे. नुसत्या नोंदणीचे आकडे छापून उपक्रम यशस्वी ठरवू नये.

पण मागणी करून थांबणे हे आपल्या चळवळीचे काम नाही. जवळपास प्रत्येक बौद्ध वस्तीत विहार आहे किंवा समाजमंदिर आहे. जयंतीचे पंधरा दिवस सोडले तर त्यांतली बरीच कुलूपबंद असतात. तिथे एक मोठा पडदा, एक वायफाय आणि आठ खुर्च्या ठेवायला मिरवणुकीच्या साउंड सिस्टीमपेक्षा कमी खर्च येतो. ग्रंथालयाचा वर्ग संध्याकाळी तिथे सामूहिकपणे दाखवता येईल. एकट्याने पाहिला तर मुलगा चौथ्या दिवशी गळतो. दहा जणांत बसला तर प्रश्न विचारतो, चुकतो, हसतो आणि पुन्हा येतो. बाबासाहेबांचा एक खंड घेऊन आठवड्याला काही पाने वाचण्याचा वर्ग तिथेच चालू शकतो. संघ या शब्दाचा अर्थ आपल्या धम्मात एकत्र बसून शिकणे असाही आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ग्रंथालयांचे सभासद व्हा. ग्रंथालय कार्यकारी मंडळ चालवते, आणि ते मंडळ सभासदांतून निवडले जाते. कोणती पुस्तके घ्यायची, व्याख्यानाला कुणाला बोलवायचे, ऑनलाइन वर्ग कशाचा आणि किती वाजता ठेवायचा, हे तिथे ठरते. आपण सभासदच नसू, तर बाबासाहेब त्या ग्रंथालयात १४ एप्रिलला हार घालण्यापुरतेच राहतील. वार्षिक सभेला जा, अहवाल वाचा, प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. अनुदान किती आले, कशावर खर्च झाले, हे मागा. संघटित होण्याची सुरुवात कधी कधी वाचनालयाच्या सभासद कार्डापासूनही होते.

येत्या रविवारी आपल्या वस्तीजवळचे अनुदानित ग्रंथालय कोणते, त्याची वर्गणी किती, अनामत किती, संगणक किती आणि ते कुणाला वापरायला मिळतात, एवढे पाच जणांनी मिळून पाहून या. लिहून ठेवा. पुढचे निवेदन त्या कागदावरून तयार करू.

जयभीम!